क्लाराला तहान लागलीय

आमच्या शेजारचे इनासकाका रोज सकाळी बोटीला पाणी घालतात.

हो, बोटीलाच. लोक तुळशीला घालतात, कुंड्यांना घालतात, फारच हौस असली तर गाडी धुतात. इनासकाका हातात नळी धरून एका अख्ख्या बोटीला पाणी घालतात. बाहेरून घालतात, आतून घालतात, फळी न् फळी भिजवतात. मग ओली गोणपाटं आत अंथरतात, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तशा त्यांच्या कडा खोचतात आणि लाकडावर दोन थापट्या मारून म्हणतात, "पी. सावकाश पी. घाई नाय."

बरं, ही बोट समुद्रात असती तर एक वेळ समजलं असतं. पण समुद्रात असती तर पाणी घालावंच लागलं नसतं म्हणा. ही बोट उभी आहे बोळिंजला, केळीच्या वाडीत, जांभळाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये. समुद्र गाठायचा तर अर्नाळ्याला रिक्षा करावी लागते.

मी त्या वाडीला चिकटून असलेल्या 'सागरछाया' सोसायटीची सेक्रेटरी. सागर आमच्या कुठल्याही मजल्यावरून दिसत नाही आणि छाया मिळते ती समोरच्या बिल्डिंगची. मी माहेरची साताऱ्याकडची. माझा पाण्याशी संबंध विहिरीपुरता, तोही कठडा घट्ट धरून. त्यामुळे बोट, शीड, भरती-ओहोटी या गोष्टींशी माझं कधी काही देणंघेणं असेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आम्ही इथे राहायला आलो तो मे महिना होता. टँकर आलेला नव्हता. मी गॅलरीत रिकाम्या बादल्या मांडून बसलेली, आणि खाली हा माणूस, चट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, गळ्यात क्रूस, डोक्यावर विटकी टोपी, लाकडावर धो धो पाणी सोडतोय! माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच तरातरा खाली उतरले आणि कुंपणाच्या तारेपलीकडून ओरडले, "अहो, इथे आम्हाला तोंड धुवायला पाणी नाही आणि तुम्ही लाकडाला आंघोळ घालताय?"

त्यांनी शांतपणे नळी दुसऱ्या हातात घेतली. "आंघोळ नाय, बाय. क्लाराला तहान लागलीय. तुला लागते तशी."

पहिल्याच वाक्यात एकेरी! आमच्याकडे सासऱ्यांनीसुद्धा मला 'अगं' म्हणायला वर्ष लावलं होतं. मी काही बोलणार तोच ते म्हणाले, "पानी माझ्या बावखलातलं हाय. टँकरचं तिला चालत नाय, औषधाचा वास येतो." बावखल म्हणजे इथल्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं, केळी, पानवेली, गुरं, माणसं, सगळी पूर्वी त्याच्यावरच जगायची. एवढं सांगून ते आत गेले आणि केळीच्या सोपट्यात बांधलेली सुकेळी घेऊन आले. ती वाळवलेली, मधासारखी गोड केळी मी तारेतून हात घालून घेतली आणि भांडण तिथेच संपलं. ज्याचं खाल्लं त्याच्याशी कसं भांडणार? शिवाय त्या दिवसापासून सोसायटीच्या चार बादल्या रोज बावखलावरून भरून येऊ लागल्या, तेव्हा माझा आवाज आपोआप खाली आला.

क्लारा हे त्या बोटीचं नाव. तिला होडी म्हटलेलं काकांना अजिबात खपत नाही. "होडी मासे धरते. क्लारा यॉट हाय." आता यॉट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे काय यायचं, तर पांढरीशुभ्र, चकचकीत, वर बायका गॉगल लावून नाचतायत. ही तर आमच्या हॉलमध्ये तिरकी ठेवली तर मावेल एवढी, लाकडाची, कमरेत निमुळती. पण खरं सांगते, ऊन तिरपं झालं की त्या सागवानावर जो रंग चढतो, तो पाहून मीसुद्धा हातातलं काम विसरते.

क्लाराचा इतिहास काका सांगायला लागले की खुर्ची ओढून बसावं, उभ्यानं ऐकायचा तो नाही. मुंबईच्या एका गिरणीच्या गोऱ्या साहेबानं ती बायकोसाठी बांधून घेतली. बायको क्लारा. ती एकदाच बसली, तिला उलटी झाली, आणि पुन्हा म्हणून बसली नाही. साहेबानं मात्र दर रविवारी बोट काढली. देश स्वतंत्र झाला, साहेब आपल्या गावी गेला आणि जाताना बोट सांभाळणाऱ्या तांडेलाला, म्हणजे काकांच्या वडिलांना, ती देऊन टाकली. वडिलांनी ती शिडावर हाकत मुंबईहून अर्नाळ्याला आणली. "अंग सागाचं, फासळ्या बाभळीच्या, खिळे तांब्याचे. लोखंडाचा एक खिळा दाखव, वाडी तुझ्या नावावर करतो."

तिसऱ्या मजल्यावरच्या मोहित्यांनी हे मनावर घेतलं. मोहिते म्हणजे आमच्या सोसायटीचे स्वयंघोषित मिस्त्री. घंटी बिघडली, नळ गळला, लिफ्ट अडकली की बोलवायच्या आधी हजर. ते एका रविवारी लोहचुंबक घेऊन वाडीत गेले आणि दुपार होईपर्यंत बोटीच्या पोटाखाली उताणे झोपून एकेक खिळा तपासत होते. वाडी काही त्यांच्या नावावर झाली नाही. पण कपडे लाल मातीनं असे माखले की बायकोनं त्यांना गच्चीवर उभं करून धुतलं.

दर वर्षी पावसाळा संपला की क्लाराचं माहेरपण सुरू. आधी जुना रंग घासायचा. मग फळ्यांच्या फटीतला कुजका कापूस काढायचा आणि तेलात भिजवलेला नवा कापूस लाकडी हातोडीनं ठोकून बसवायचा. टक-टक, टक-टक. मग राळ. आणि शेवटी, देवा रे, मुशीच्या तेलाचा हात. मुशी म्हणजे शार्क. त्या तेलाचा वास एकदा तुमच्या पडद्यांत शिरला की नाताळपर्यंत मुक्काम. आमच्या सोसायटीनं त्या वासाविरुद्ध दोनदा ठराव केला. दोन्ही वेळा ठराव घेऊन मीच खाली गेले, आणि दोन्ही वेळा सुकेळी घेऊन वर आले.

शिडाची गंमत तर विचारू नका. जाड सुती कापडाचं ते शीड वर्षातून एकदा काका उन्हाला काढतात, दोन माडांच्या मधे ताणून. पांढऱ्या कापडाचा तेवढा मोठा पसारा रस्त्यावरून दिसला की लोकांना वाटतं लग्नाचा मांडव घातलाय. एका वर्षी तुळिंजचा एक केटरर आत येऊन विचारून गेला, "लग्न कोणाचं? माणसं किती?" काका म्हणाले, "क्लाराचं. पन नवरा समुद्र हाय, त्याचं काय नक्की नाय."

आणि खरंच त्याचं काही नक्की नव्हतं. एवढा सगळा थाट करून क्लारा पाण्यात कधी जायची, तर कधीच नाही! दर वर्षी नवं कारण. वारा बरोबर नाय. रंग ओला हाय. शीड विटलंय. लाकूड अजून प्यायचंय. "लाकूड पोटभर प्यालं म्हंजे गप बसतं," हे काकांचं आवडतं वाक्य, आणि "यंदा नाय, पन पुढच्या वर्षी नक्की" हे त्याच्या खालोखाल. सोसायटीत कुणी उधारी टाळायला लागलं की आम्ही म्हणायचो, "क्लारा करू नकोस."

एकच गोष्ट मला खटकायची. सगळी बोट घासूनपुसून लखलख करायची, पण सुकाणूचा दांडा, तो हातात धरून बोट वळवतात तो, त्याला मात्र काका कधी घासत नसत, रंगवत नसत. जुन्या लाल लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तो घरात, आल्ताराखाली, म्हणजे क्रुसाच्या देव्हाऱ्याखाली ठेवलेला. एकदा मी सहज हात लावायला गेले तर काका झटकन मधे आले. "तो नको, बाय. दुसरं काय पन धर." एरवी हा माणूस स्वतःच्या ताटातलं उचलून देईल. मला जरा लागलंच.

यंदा ऑक्टोबर संपता संपता एका सकाळी काका आमच्या दारात. शर्टाची सगळी बटणं लावलेली. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी मोठं आहे.

"सेक्रेटरीबाय, क्लारा पान्यात जाते."

"पुढच्या वर्षी ना?" मी सवयीनं म्हटलं.

"नाय. येत्या रविवारच्या पुढल्या रविवारी. दुपारची भरती हाय." आणि मग चेहरा असा फुलला की काय सांगू. "आगाथा येते!"

आगाथा म्हणजे काकांची थोरली बहीण. तरुणपणीच सिस्टर झाली, नर्सिंग शिकली आणि विदर्भातल्या एका आडगावच्या दवाखान्यात आयुष्यभर राहिली. घरी यायची सुट्टी मिळायची ती काही वर्षांतून एकदा, आणि नेमकी जूनमध्ये, जेव्हा समुद्र बंद असतो आणि बोटी ओढून ठेवलेल्या असतात. यंदा तिच्या व्रताचा हीरक महोत्सव. त्यासाठी मठानं तिला नोव्हेंबरात घरी पाठवायचं कबूल केलं होतं. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, दुपारी जेवण, रात्रीच्या गाडीनं परत. ऐंशीला टेकलेली बाई. पुन्हा कधी येईल काय सांगावं?

"आम्ही दोघं रविवारची मिस्सा झाली की क्लारा घेऊन अर्नाळ्याच्या किल्ल्याला वळसा घालून यायचो," काका म्हणाले. "जाताना ती मला म्हनाली, इनास, क्लाराला सुकू देऊ नको. मी आले की परत जाऊ. एवढंच म्हनाली."

"आणि मधल्या काळात तुम्ही कधीच नेली नाहीत पाण्यात?"

"वेळ नाय झाला," काका म्हणाले. रोज सकाळ त्या बोटीपाशी घालवणारा माणूस म्हणत होता, वेळ नाही झाला. पण मला इतका आनंद झाला होता की मी ते तिथेच सोडून दिलं.

सोसायटीत नुसता धुमाकूळ. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पार्किंगची भांडणं बंद पडली आणि क्लाराचे फोटो सुरू झाले. बायकांनी रविवारचा बेत ठरवला, इथले मैद्याचे तळलेले फुगे काकांच्या भाचीकडून, पुलाव आमच्याकडून. मोहित्यांनी अर्नाळ्यापर्यंतच्या रस्त्यावरच्या सगळ्या केबलच्या वायरी पाहून ठेवल्या आणि त्या उचलायला बांबू कापून आणले. ज्यांनी मुशीच्या तेलाविरुद्ध सह्या केल्या होत्या ते आता हाताला तेच तेल लावून हिंडत होते. मी रोज ऑफिसातून आले की आधी वाडीत. चहा तिथेच.

आणि मग आम्ही घोळ घातला.

झालं असं की शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी गॅलरीत आले तर शेड रिकामी. म्हटलं, हे काय? बावखलाकडे पाहते तर माझ्या काळजाचं पाणी झालं. क्लारा बावखलात. म्हणजे पाण्यावर नाही हं, पाण्यात! नुसती वरची कड तेवढी दिसत होती, बाकी सगळी खाली.

मी जी किंचाळले ती शेजारच्या दोन सोसायट्यांत ऐकू गेली. "क्लारा बुडाली! धावा!"

काका घरी नव्हते, चर्चच्या कामाला वसईला गेलेले. पण सागरछाया धावली. बनियनवर, गाऊनवर, अर्धी दाढी केलेले, कुणी कुणाची वाट पाहिली नाही. मोहिते शर्टासकट पाण्यात उतरले आणि बोटीत हात घालून ओरडले, "वहिनी, आत दगड आहेत! मोठाले! कुणीतरी मुद्दाम बुडवलीय!" झालं. ही वाडी मागणारा एक बिल्डर बरेच दिवस घिरट्या घालतच होता. "त्याचंच काम हे," सगळे एका सुरात म्हणाले. मी ओढणी कमरेला खोचली. म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत म्हाताऱ्याची बोट बुडवतात म्हणजे काय!

काय तो जोर सांगू! दगड काढले. दोर बांधले. केळीचे ओले बुंधे पडलेले होते तेच खाली घालून, बुळबुळीत बुंध्यांवरून घसरवत बोट वर ओढली. सोसायटीचा पंप लावून आतलं पाणी उपसलं. बायकांनी जुन्या साड्यांनी फळी न् फळी पुसली. दोघांनी घरचे टेबलफॅन आणले आणि वायरी लांबवून बोटीच्या पोटात वारा सोडला. त्यात मोहित्यांना फळ्यांमधल्या बारीक फटी दिसल्या. "इथूनच पाणी शिरतंय," ते म्हणाले. आमच्या गच्चीची गळती बंद करायला आणलेलं वॉटरप्रूफिंग उरलं होतं. ते आणून त्यांनी प्रत्येक फट दाबून दाबून बंद केली. दुपारपर्यंत क्लारा खडखडीत वाळली. आम्ही सगळे तिच्याभोवती घामेघूम उभे, फोटो काढले, आणि मी ग्रुपवर लिहिलं, 'सागरछायेची एकजूट!'

काका आले. हातातली पिशवी त्यांनी हळूच खाली ठेवली.

"हिला कोनी काढली?"

मी छाती पुढे काढून म्हटलं, "आम्ही! काळजी करू नका काका. पोलिसात तक्रारही देऊ."

काकांनी एका फटीतलं ते करडं, सिमेंटासारखं कडक झालेलं बोटानं चाचपलं. मग जांभळाच्या मुळीवर बसले आणि टोपी काढली. "मीच बुडवली होती, बाय. पहाटे चार कोळी आनून."

कुणीतरी जाऊन फॅन बंद केले.

लाकडाची बोट कोरडी राहिली की फळ्या आक्रसतात आणि मधे फटी पडतात. रोज पाणी घालून त्या जेमतेम धरून ठेवता येतात. पण समुद्रात न्यायची तर आधी तिला दगड भरून गोड्या पाण्यात पुरती बुडवावी लागते. पाणी पिऊन फळ्या फुगतात, एकमेकींना चिकटतात आणि फटी आपल्या आपण मिटतात. हे इथल्या जुन्या लोकांना अगदी ठाऊक. मला, सातारच्या बाईला, बुडालेली बोट म्हणजे बुडालेली बोट.

"आनि हे जे भरलंय," काका म्हणाले, "त्याच्यानं फळ्यांना फुगायला जागाच नाय. त्या एकमेकींना ढकलतील. खिळे उपटतील."

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. शिव्या घातल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकल्या असत्या. पण ते म्हणाले, "आगाथाला काय सांगू नका. जेवून जाईल. जेवन तरी होईल." आणि मला असं रडू कोसळलं की मी तिथेच, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडले. मोहिते तर बोटीच्या मागे जाऊन तोंड लपवून उभे राहिले.

मग मीच डोळे पुसले. रडून फटी मोकळ्या होणार होत्या थोड्याच? म्हटलं, "काका, हे खरवडून काढलं तर?"

"निघेल. पन लाकूड आता सुकलंय. परत प्यायला वेळ पायजे. रविवार जवळ आला." मग थोडं थांबून, "कढत पानी असलं तर लवकर पितं."

बस! सागरछायेला तेवढं पुरे झालं. चमचे आले, उलथनी आली, सुऱ्या आल्या, हेअरपिना आल्या. जो जिथे बसेल तिथे खरवडत होता, आणि काका मधून फिरत होते, "हळू, तिला ओरखडा नको." मोहिते शेवटपर्यंत उठले नाहीत, पाठ धरली तरी उठले नाहीत. आणि मग पाणी. बत्तीस गिझर एकदम सुरू झाले. ज्या सोसायटीत कुणाच्या टाकीत किती पाणी गेलं यावरून माणसं वर्ष वर्ष बोलत नाहीत, त्या सोसायटीत जिन्यावर रांग लावून बादल्या हातोहात खाली येत होत्या. वाफाळत्या बादल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कुणीही आंघोळ केली नाही. आंघोळ फक्त क्लारानं केली.

"पी," काका म्हणत होते. "पी, पी." आणि आता सगळेच म्हणत होते, "पी!"

मग दगड भरून ती पुन्हा बावखलात बुडवली. या वेळी वाजतगाजत.

रविवारी क्लारा टेम्पोवर बसून निघाली. पुढे मोहिते बांबूनं वायरी उचलतायत, मागे आमच्या रिक्षा. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कोळ्यांनी हात लावला आणि भरतीच्या पाण्यात तिला सोडली. काका गुडघाभर पाण्यात, बोटीत डोकं घालून पाहतायत. थोडं पाणी आत आलं. मग आणखी थोडं. मग यायचं थांबलं.

"गप बसली," काका म्हणाले. किनाऱ्यावर असा आरडाओरडा झाला की गाढ झोपलेली कुत्री उठून पळाली.

सिस्टर आगाथा पांढऱ्या झग्यात, पायात कापडी बूट, प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. लहानखुरी, ताठ बाई. आल्यापासून त्या फार बोलल्या नव्हत्या. मला वाटलं होतं, थकल्या असतील. दोन कोळी गड्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं. मी काठावरून ओरडले, "काका, आता तुम्ही सुकाणू धरा!"

काकांनी ते लाल लुगड्याचं गाठोडं उघडलं. दांडा काढून जागेवर बसवला. जुना, काळपट, एका बाजूनं झिजलेला. चार बोटांची झीज स्पष्ट दिसत होती. मग ते मागे बसलेच नाहीत. पुढे गेले, दोरांपाशी.

"काका, अहो, सुकाणू!"

"मला नाय येत," काका म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करतायत. बोटीचा खिळा न् खिळा ओळखणारा माणूस!

"दोर माझे, सुकानू आगाथाचं. बापानं वाटून दिलेलं. मी कधी शिकलोच नाय."

"पण मग शिकायचं ना! इतकी वर्षं तुम्हाला समुद्रात जाता आलं असतं!"

काका शिडाचा दोर सोडत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मी शिकलो असतो, तर तिची जागा भरली असती ना, बाय."

वारा बरोबर नाय, रंग ओला हाय, शीड विटलंय, सगळं एकदम आठवलं.

सिस्टर आगाथांनी तो दांडा हातात घेतला. बोटं त्या झिजलेल्या खोबणींत आपसूक बसली. त्यांनी एकदा वाऱ्याकडे तोंड केलं, एकदा शिडाकडे पाहिलं, आणि एवढा वेळ गप्प बसलेली ती बाई खणखणीत आवाजात कडाडली, "इनास! काय करतो? दोर ओढ! अजून तसाच हाय, धांदरट!"

"ओढतो, बाय!"

"सैल सोड! एवढा नको!"

"सोडला, बाय!"

शीड फुगलं आणि क्लारा किल्ल्याच्या दिशेनं निघाली. आम्ही नाचत होतो, मोहिते बांबू हलवत होते, मी हसत होते आणि रडत होते. बोट लांब गेली, माणसं बारीक झाली, तरी वाऱ्यावर त्या बाईंचा आवाज येतच होता, रागावतोय, चुका काढतोय, आणि मधे मधे काकांचं "होय, बाय! होय, बाय!" पंचाहत्तरीच्या माणसाला इतक्या आनंदानं बोलणी खाताना मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.